काढू नये, वाकून वाचावे

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. एवढं ऐकताच तुम्ही तोंडाचा 'आ' करून जीभ वर उचलाल, हे मला ठाऊक आहे. पण जरा दमानं घ्या. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही माणसाच्या तोंडात गेलेलो नाही. ताप मोजणारा तो माझा धाकटा चुलतभाऊ. बोटभर उंचीचा, पस्तीस ते बेचाळीस एवढंच जग पाहिलेला. मी हातभर लांब आहे. शून्यापासून पन्नासपर्यंतचे सगळे अंश माझ्या अंगावर कोरलेले आहेत आणि प्रत्येक अंशाचे दहा भाग पाडलेले आहेत. शून्याची धरून एकूण पाचशे एक रेघा. त्यातली एकही आजवर पुसट झालेली नाही. ही बढाई वाटली तर वाटू द्या, खरं ते खरं.

माझा जन्म एका काच फुंकणाऱ्या आजोबांच्या हातून झाला. केसाइतकं बारीक भोक असलेली काचेची नळी त्यांनी ज्योतीवर धरली आणि तिचं एक टोक फुगवून माझं पोट केलं. मग ते पोट तापवून नळीचं उघडं टोक पाऱ्यात बुडवलं. आतली हवा जसजशी निवत गेली, तसतसा पारा नळीतून वर चढत माझ्या पोटात येऊन बसला. असं चार-पाच वेळा झालं, तेव्हा कुठे माझं पोट भरलं. शेवटी वरचं टोक वितळवून बंद केलं आणि मला कपाटात ठेवून दिलं. नवी काच हळूहळू आकसत असते. ती पुरती मुरली नाही, तर रेघा पुढे खोट्या ठरतात. म्हणून तब्बल चार महिने मी लोणच्यासारखा मुरत पडलो होतो.

रेघा ओढल्या त्या आजोबांच्या सूनबाईंनी. आधी मला कुटलेल्या बर्फात उभं केलं, पारा जिथे थांबला तिथे शून्याची खूण केली. मग कोमट पाण्याच्या हौदात एका जुन्याजाणत्या थर्मामीटरशेजारी उभं करून वरच्या खुणा केल्या. अंगभर मेण फासलं, मेणात सुईने रेघा ओढल्या आणि त्यांवर काच खाणारं आम्ल फिरवलं. सूनबाई श्वास रोखून रेघ ओढायच्या. आजोबा मागून म्हणायचे, "सूनबाई, एक रेघ सरकली तर पुढच्या सगळ्या खोटं बोलतील हो." त्या पाचशे एक वेळा श्वास रोखून बसल्या. माझा सगळा खरेपणा त्यांच्या त्या श्वासांतून आला आहे, हे मी कधी विसरलो नाही.

प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून मला मास्तरांनी उचललं. मास्तर म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणारे गृहस्थ. शिकवता शिकवता त्यांनी घरामागच्या खोलीत कोंबडीची अंडी उबवायचा उद्योग सुरू केला होता. त्यांनी मला हातात घेतलं, निरखलं आणि दुकानदाराला म्हणाले, "थोडा बर्फ मिळेल का?" दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाइकाला सरबत हवंय. त्याने बर्फ आणवला. मास्तरांनी तो रुमालात कुटला, पेल्यात भरला, जरासं पाणी ओतलं आणि मला त्यात उभं करून पंधरा मिनिटं तिथेच उभे राहिले. दुकानदार घड्याळाकडे बघून कंटाळला. मास्तर मात्र शेवटी लहान मुलासारखे हसले. "शून्य म्हणजे शून्य! बांधून द्या."

उबवणीच्या खोलीत माणसाच्या उंचीचं एक लाकडी कपाट होतं. त्याला काचेचं दार, आत तापणाऱ्या तारा, एक पंखा आणि अंड्यांचे थाळे. दाराशेजारी एक पितळी स्क्रू होता. तो उजवीकडे वळवला की ऊब वाढायची, डावीकडे वळवला की कमी व्हायची. कोंबडीचं पिल्लू अंड्यात एकवीस दिवस घडतं आणि त्या एकवीस दिवसांत त्याला साडेसदतीस अंशांची ऊब लागते. अंशभर कमी पडली तर पिल्लू उशिरा आणि अशक्त निघतं. दोन अंश जास्त झाली आणि तशीच राहिली, तर निघतच नाही. मधल्या थाळ्याच्या पातळीला मला एका लोखंडी आकड्यावर लटकवलं होतं. मास्तर दर तासाला यायचे, दार न उघडता काचेतून बघायचे. माझा साडेसदतीसचा आकडा त्यांच्या कमरेच्या उंचीला होता, त्यामुळे डोळा आणि रेघ एका पातळीत आणायला त्यांना चांगलंच वाकावं लागायचं.

माझ्या शेजारी माझा लाल भाऊ होता. त्याच्या पोटात पाऱ्याऐवजी रंगवलेलं स्पिरिट असतं. उकळत्या पाण्यात त्याचा निभाव लागत नाही, पण कडाक्याच्या थंडीत पारा गोठला तरी तो गोठत नाही, असा त्याचा तोरा. त्याच्या पोटाला सुती कापड गुंडाळून त्याचं टोक पाण्याच्या वाटीत सोडलं होतं. ओल्या कापडामुळे तो माझ्यापेक्षा नेहमी खालचा आकडा दाखवायचा आणि आमच्या दोघांतल्या फरकावरून मास्तरांना हवेतला ओलावा कळायचा. त्याची हुशारी माझ्याशिवाय चालत नव्हती, एवढंच मी इथे नमूद करतो.

पलीकडच्या खोलीत, निघालेल्या पिल्लांच्या खोक्यावर, गोल चेहऱ्याचा एक काटेवाला बसायचा. त्याच्या पोटात दोन वेगवेगळ्या धातूंच्या एकमेकींना जोडलेल्या पट्ट्यांची गुंडाळी असते. ऊब लागली की एक पट्टी जास्त वाढते, दुसरी कमी, आणि त्या ओढाताणीत काटा फिरतो. तो अंशभर इकडेतिकडे बोलायचा, पण पिल्लांनी चोची मारल्या, कोणी आपटला, तरी गडी हसतमुख. तिथे मी असतो तर दुसऱ्याच दिवशी माझे तुकडे गोळा करावे लागले असते.

आणि मग आली ती डबी. मास्तरांच्या मुलीने आणलेली. ती फ्रिज दुरुस्त करते, त्यामुळे असल्या वस्तूंचं तिला भारी वेड. डबी दाराबाहेर चिकटवली, तिची तार आत सोडली आणि लांबूनही दिसतील असे ठळक आकडे झळकू लागले. वाकायला नको, चष्मा नको. शिवाय दिवसभरातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा ती लक्षात ठेवायची. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ना, तसं झालं. महिनाभर माझ्याकडे कोणी फिरकलं नाही.

एकदा मात्र डबीची बॅटरी उतरली आणि ती पस्तीस दाखवू लागली. मी साडेसदतीसवर ठाम होतो. मास्तरांनी दोघांनाही बर्फात उभं केलं. डबी म्हणाली, शून्याच्या खाली अडीच. मी म्हणालो, शून्य. दुधाने तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो. मास्तरांनी त्या दिवसापासून नियमच करून टाकला: "दोघं भांडले, तर काचेवाल्याचं ऐकायचं." माझा ऊर भरून आला. पण मित्रांनो, पारा मी एका रेघेनेही वर चढू दिला नाही.

हाच नियम पुढे अंगाशी येणार होता.

मास्तरांनी पंधरा वर्षं खपून ठिपक्यांच्या कोंबड्यांची एक जात जपली होती. काळ्या पिसांवर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके. चांगला कोंबडा, चांगली कोंबडी निवडायची, त्यांची अंडी उबवायची, पुन्हा त्यांतून निवडायची, असं चाललं होतं. यंदा कोंबड्यांत मानमोडी रोगाची साथ आली आणि आठ दिवसांत खुराडं रिकामं झालं. एक कोंबडी उरली नाही. उरली होती ती साथ येण्यापूर्वी गोळा केलेली दोनशे बारा अंडी, आमच्या कपाटात. ती गेली की ठिपके गेले. दुसऱ्यांदा मांडायला या जगात कुठे अंडंच नव्हतं.

त्यातच नवव्या दिवशी मास्तर खुराड्याचं छप्पर नीट करताना शिडीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडून दवाखान्यात जाऊन पडले. मुलीने तीन दिवस रजा काढून कपाट सांभाळलं. बाराव्या दिवशी तिला कामावर जाणं भाग होतं, म्हणून मास्तरांची थोरली बहीण आली. बत्तीस वर्षं नर्सची नोकरी केलेली बाई. सगळे तिला नर्सबाईच म्हणत. दवाखान्यात भावाने तिचा हात धरून सांगितलं होतं, "ताई, साडेसदतीस. आणि डबी काहीही म्हणो, ऐकायचं ते काचेवाल्याचं."

"अरे, थर्मामीटर वाचायला मला शिकवतोस?" नर्सबाई म्हणाली होती. "तुझ्या जन्मापासून वाचतेय."

सकाळी साडेअकराला ती खोलीत आली. लाल भावाच्या पोटाचं कापड बघून हसली. "याला काय सर्दी झालीय? पायमोजा घातलाय तो!" मग तिने दार सताड उघडलं, मला आकड्यावरून काढलं आणि खिडकीपाशी उजेडात नेलं. चष्मा डोक्यावर होता, तो तिने पिशवीत शोधला, टेबलावर शोधला, शेवटी डोक्यावर सापडला. तोवर खिडकीतला गार वारा मला लागत होता आणि माझा पारा भराभर खाली उतरत होता. तिने पाहिलं तेव्हा मी छत्तीसाच्या थोडा वर होतो.

"अगं बाई! एवढा उतरलाय?"

मग तिने ते केलं, जे तिने बत्तीस वर्षं केलं होतं. मला टोकाला धरलं आणि मनगटाने सणसणीत झटके दिले. एक, दोन, तीन. मित्रांनो, चुलतभावाला झटकावंच लागतं. पण माझ्यासारख्याला झटकलं, तर पाऱ्याची तार मधेच तुटू शकते आणि मग मी आयुष्यातून उठतो. माझी तार कशी टिकली, ते त्या आजोबांनाच ठाऊक. नंतर तिने मला आत टांगलं, हातातल्या घड्याळावर बरोबर तीन मिनिटं मोजली आणि पुन्हा खिडकीत. हवेत मला तापायला दहा मिनिटं लागतात. तीन मिनिटांत मी कसाबसा वर चढत होतो, तोच बाहेर. पस्तीस पूर्णांक नऊ.

बाहेर डबी सदतीस पूर्णांक चार दाखवत होती. नर्सबाईने दोघांकडे पाहिलं. "भांडले," ती स्वतःशी म्हणाली, "म्हणजे काचेवाल्याचं ऐकायचं." तिने पितळी स्क्रू पाव फेरा उजवीकडे वळवला. मग वॉर्डातल्या शिस्तीप्रमाणे मला स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, तळाशी कापूस घातलेल्या पेल्यात उभं केलं आणि पेला खिडकीत ठेवला.

मी ओरडू शकत नव्हतो. माझा आकडा ओरडण्यासाठीही कोणीतरी मला जागेवर वाचावं लागतं. अर्ध्या तासाने तीच कवायत पुन्हा झाली. दार, झटके, तीन मिनिटं, खिडकी. छत्तीस. डबी म्हणत होती अडतीस पूर्णांक तीन. "तू गप्प बस गं," नर्सबाई तिला म्हणाली आणि आणखी पाव फेरा दिला. स्क्रू वळवल्यावर कपाट तापायलाही वेळ लागतो. पी हळद अन् हो गोरी, असं तिथे चालत नाही. पण हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

साडेबाराला मुलगी विसरलेला डबा घ्यायला धावत आली. "आत्या, सगळं ठीक ना?"

"कसलं ठीक! काचेवाला छत्तीसच्या वर चढायला तयार नाही. आणि ही बाई बघ, अडतीस नि नऊ म्हणतेय."

"बॅटरी पुन्हा उतरली असेल. थांब, माझी बंदूक आहे." मुलीने कमरेच्या पट्ट्यातून एक पिस्तुलासारखं यंत्र काढलं. हा आमच्या खानदानातला सगळ्यांत नवा. स्पर्श न करता, वस्तूतून बाहेर पडणारी ऊब ओळखून तो क्षणात आकडा सांगतो. फ्रिजची जाळी, तापलेली मोटर, हात लावायची सोय नसलेली कुठलीही जागा, तिथे त्याचा हात धरणारा कोणी नाही. मुलीने घाईघाईत दाराच्या काचेतून अंड्यांवर नेम धरला. तेहेतीस पूर्णांक सहा. "खरंच थंड आहे, आत्या! अजून अर्धा फेरा दे. मी पळते, गिऱ्हाइकाचा फ्रिज उघडा टाकून आलेय."

नर्सबाईने तोही दिला. माझ्या रिकाम्या आकड्याकडे मुलीने पाहिलंच नाही. मी खिडकीतल्या पेल्यात उभा होतो. तिथून मला दोनशे बारा अंडी दिसत होती आणि काही करता येत नव्हतं. सरळ सांगतो, आयुष्यात एवढी भीती मला कधी वाटली नाही.

दोन वाजता अंडी फिरवायची वेळ झाली. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली असते, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून तीनदा ती पालटायची, म्हणजे पिल्लू कवचाला चिकटत नाही. नर्सबाईने पहिलं अंडं उचललं आणि ती थबकली. दुसरं उचललं. तिसरं तिने आपल्या गालाला लावलं. बत्तीस वर्षं हजारो कपाळांवर फिरलेला तो हात होता. त्या हाताला कोणी फसवू शकत नव्हतं.

"याला ताप आहे," ती मोठ्याने म्हणाली.

तिने पिशवीतून स्वतःचा थर्मामीटर काढला, म्हणजे माझा तो चुलतभाऊ. झटकला, अंड्यांच्या मधे ठेवला, दार लावून चांगली दहा मिनिटं थांबली, काढला आणि खिडकीत नेऊन वाचला. एकोणचाळीस पूर्णांक सहा. तिने स्क्रू पूर्ण फेरा डावीकडे वळवला, दार उघडं टाकलं आणि भाचीला फोन केला. "आहेस तशी ये. येताना बर्फ आण. भरपूर आण."

फ्रिज दुरुस्त करणारीला बर्फाची काय वाण? मुलगी पाच मिनिटांत बादली घेऊन हजर झाली. नर्सबाई स्टुलावर बसली होती, मला हातात धरून. "तुझ्या बापाचा लाडका खोटारडा निघाला," ती म्हणाली. "मी याच्यावर विश्वास ठेवला गं. ठिपकेवाल्या गेल्या. आता मी त्याला तोंड कसं दाखवू?"

खोटारडा! मित्रांनो, हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. त्यापेक्षा फरशीवर पडून फुटलो असतो तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

मुलीने बादली पुढे ओढली. बापाची लेक ती. बर्फ कुटला, पेल्यात भरला, जरासं पाणी घातलं, मला उभं केलं. दोघी टेबलावर हनुवट्या टेकून बघत राहिल्या. मी उतरलो. दहा, पाच, दोन, एक. आणि शून्याच्या रेघेवर येऊन थांबलो. एकतीस वर्षांपूर्वी दुकानात थांबलो होतो, अगदी तिथेच.

"आत्या, हा खरा आहे."

"मग छत्तीस कसं म्हणाला?"

मुलीने कोमट पाण्याचा मग आणला. चुलतभावाला झटकून त्याचा पारा उतरवला आणि आम्हा दोघांनाही त्यात बुडवलं. मी एकोणचाळीसवर चढलो, तोही चढला. मग तिने आम्हाला दोघांना बाहेर काढून शेजारी शेजारी धरलं. चुलतभाऊ एकोणचाळीसवर ढिम्म उभा राहिला. माझा पारा मात्र दोघींच्या डोळ्यांदेखत सुळकन खाली निघाला.

"अगं, हा पळतोय!" नर्सबाई ओरडली.

कारण साधं आहे. चुलतभावाच्या पोटाच्या वर, गळ्यात, एक अरुंद चिमटा असतो. वर चढलेला पारा त्या चिमट्यातून आपोआप खाली येत नाही, म्हणून तोंडातून काढून निवांत वाचला तरी चालतो आणि म्हणूनच त्याला झटकावं लागतं. माझा गळा मोकळा आहे. मी चढतो आणि उतरतो, दिवसभर, जशी हवा तसा. मला जिथे ठेवाल, तिथेच वाचावं लागतं.

नर्सबाईने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मग म्हणाली, "म्हणजे हा खोटं बोललाच नाही. मी याला खिडकीत नेलं, आणि हा खिडकीतलीच हवा सांगत होता."

"आणि माझी बंदूक दाराची काच सांगत होती," मुलगी हळूच म्हणाली. "तिला काचेपलीकडचं दिसत नाही. मला माहीत आहे ते, आत्या. शिकवलंय मला. घाईत विसरले." तिने डबीचं एक बटण दाबलं. दिवसभरातला सर्वांत वरचा आकडा: एकोणचाळीस पूर्णांक सात. "हीसुद्धा खरंच बोलत होती बिचारी."

म्हणजे घरातले सगळे खरे होते. आल्या दिवसापासून मी त्या डबीचा राग राग केला होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा तिची दया आली. अडीच तास ती एकटीच खरं ओरडत होती आणि तिला गप्प बसवलं जात होतं, तेही माझं नाव घेऊन.

आता प्रश्न एकच होता. अंडी जिवंत होती का? मला पुन्हा आकड्यावर टांगलं. पारा अडतीसच्या खाली आला तसं दार लावलं. मुलीने खिडकीवर घोंगडी टाकून अंधार केला आणि अंड्यामागे दिवा धरला. कवच लालसर उजळलं. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा आणि मधे एक काळसर ठिपका. तो हलत नव्हता. नर्सबाईने सवयीने घड्याळ डोळ्यांसमोर धरलं, नाडी मोजावी तसं. दहा सेकंद. वीस. मग त्या काळसर ठिपक्याने एक गचका दिला. पाठोपाठ दुसरा.

"हलतंय! अगं हलतंय!" म्हणत नर्सबाईने तिथेच डोळ्यांना पदर लावला. माझाही जीव भांड्यात पडला. सगळीच अंडी हलली नाहीत. पण बरीच हलली.

त्यानंतरचे नऊ दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत मानाचे. नर्सबाईचे गुडघे दुखायचे. तरी ती दर तासाला यायची, कपाटासमोर एक हात गुडघ्यावर ठेवून वाकायची, डोळा माझ्या रेघेशी आणायची आणि वहीत आकडा लिहायची. मग डबीचा आकडाही लिहायची. दोघांत दोन रेघांचा फरक पडला, तरी बर्फ मागवायची. मला पुन्हा कोणी झटकलं नाही.

एकविसाव्या दिवशी दुपारी पहिल्या अंड्याला तडा गेला. संध्याकाळपर्यंत कपाटात नुसता कलकलाट. नर्सबाईने फोन दाराशी धरला. दवाखान्यातल्या खाटेवर मास्तरांनी तो चिवचिवाट ऐकला. फक्त नाक ओढल्याचा आवाज आला. दोनशे बारांपैकी एकशे अठ्ठावन्न पिल्लं निघाली. चोपन्न अंडी उघडलीच नाहीत. त्यांतली किती त्या दुपारची, ते कोणालाच सांगता येणार नाही. पण ठिपकेवाल्या वाचल्या.

मास्तर कुबड्यांवर घरी आले, तेव्हा ताईने त्यांना पहिल्यांदा पिल्लं नाही दाखवली. आधी सगळं खरं सांगितलं. झटके, खिडकी, स्क्रू, काही लपवलं नाही.

"चूक माझी आहे, ताई," ते म्हणाले. "याचं ऐक, एवढंच मी सांगितलं. कुठे ऐकायचं, ते सांगायचंच राहिलं. आणि त्या नियमाने त्या डबीचं तोंड मीच बंद केलं. नियम बदलू. दोघं भांडले, तर कोणाचंच ऐकायचं नाही. आधी बर्फ मागवायचा."

मित्रांनो, हा नियम मला माझ्या लाडक्या नियमापेक्षा बरा वाटतो. दर सोमवारी आता आमची सगळी मंडळी बर्फाभोवती जमते. मी, लाल भाऊ, काटेवाला, डबीची तार, सगळे पेल्यात उभे राहतो. बंदुकीलाही बर्फावर नेम धरायला लावतात. ज्याला शून्य सांगता येईल, त्यालाच आठवडाभर काम मिळतं. माझा अजून एकही सोमवार चुकलेला नाही.

मी म्हातारा झालो आहे, आणि माझ्यानंतर माझ्या जातीचे बहुधा होणार नाहीत. माझ्या पोटातला पारा विषारी असतो, आणि नव्या मंडळींत तो नसतो, हे योग्यच आहे. तुमच्या घरी माझा कोणी नातलग असेल, तर त्याला उंच ठिकाणी, खोक्यात जपून ठेवा. चुकून फुटलाच, तर ते चमकणारे मणी कितीही सुंदर दिसले, तरी त्यांना हात लावू नका, झाडूने लोटू नका. खिडक्या उघडा, खोलीबाहेर व्हा आणि मोठ्यांना हाक मारा. आणि कोणी तुम्हाला न पटणारं काही सांगितलं, तर त्याला खोटारडा म्हणण्याआधी एकदा बघा, तुम्ही त्याला कुठे उभं करून विचारलं होतं.

आज ठिपकेवाल्यांची ती पिल्लं मोठी होऊन अंगणात फिरतात. कपाटाच्या काचेवर, बरोबर माझ्यासमोर, नर्सबाईने जाड अक्षरांत लिहिलेला एक पुठ्ठा चिकटवलेला आहे: 'काढू नये. वाकून वाचावे.' मास्तर कुबडी बाजूला ठेवून वाकतात. मुलगी बंदूक कमरेला लावून वाकते. आणि सुट्टीला आली, की कण्हत कुथत, गुडघा धरून, नर्सबाई सगळ्यांत आधी वाकते.

"काय रे बाबा," ती विचारते, "किती?"

साडेसदतीस, मी सांगतो. जिथे आहे तिथूनच.